फोटोचा काठ आणि काठावरचं नाव

हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडं असू द्या. आज बोलायचं आहे फोटोंबद्दल. पेटीत, पिशवीत, गादीखाली पडलेल्या आपल्या फोटोंबद्दल, आणि त्यांच्याभोवती लावायच्या काठाबद्दल.

सुरुवात एका दुःखाच्या गोष्टीनं करावी लागते. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एक आजी वारल्या. गट निघाला तेव्हापासूनच्या सभासद. पाऊस असो की सुगी, त्यांची बचत कधी चुकली नाही. तेराव्याला फोटो ठेवायचा म्हणून घरच्यांनी पेट्या उपसल्या. मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये आजी होत्या, पण कुठं पंगतीत वाढताना पाठमोऱ्या, तर कुठं करवल्यांच्या मागं अर्धा चेहरा. शेवटी पासबुकावरचा फोटो तालुक्याला नेऊन मोठा करून आणला. त्या फोटोवर बँकेच्या शिक्क्याची निळी कड होती. फोटो वाढला तशी तीही वाढली. आजी आता भिंतीवर आहेत, कपाळावर शिक्का घेऊन.

पुढच्या बैठकीत एक जण म्हणाली, "माय, माझा तर तेवढाबी चांगला नाही." मग आम्ही तिथंच विचारलं, कुठल्याही कागदपत्रासाठी न काढलेला, आपल्या एकटीचा फोटो कुणाकुणाकडं आहे? आम्ही अठरा जणी. हात वर झाले चार.

त्या दिवशी ठरलं की गटाचा एक अल्बम करायचा. प्रत्येकीचं एक पान, पानावर तिचा फोटो, फोटोला काठ आणि काठावर नाव. तो करता करता फोटोच्या काठाचा इतिहासही आम्ही वाचला, एकमेकींना सांगितला. तोच आज तुम्हाला सांगतो.

काठ आधीपासूनचा

फोटोच्या भोवती पुठ्ठ्याची किंवा जाड कागदाची जी कड असते, तिला फ्रेमवाले माउंट म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लुगड्याला काठ नसला तर ते उघडं वाटतं. गोधडीला चारी बाजूंनी पट्टी लावली की ती पुरी होते. काठ दोन कामं करतो. आतल्या वस्तूची शोभा वाढवतो आणि तिची कड झिजू देत नाही.

फोटो नव्हते तेव्हा चित्रं होती. मोगलांच्या आणि आपल्या दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांत कागदावरची लहान चित्रं जाड पानावर चिकटवून त्यांची पुस्तकं बांधत. अशा पुस्तकाला मुरक्का म्हणत आणि चित्राभोवतीच्या रुंद कडेला हाशिया. हाशियावर सोनेरी वेलबुट्टी, फुलं, पाखरं काढत. पुष्कळदा चित्र एकाचं असे आणि हाशिया दुसऱ्या कारागिराचा. तेव्हाही काठाला वेगळा हात लागत असे, हे ध्यानात ठेवा.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटो काढायची पहिली रीत जाहीर झाली. थोड्याच काळात ती जहाजानं मुंबई-कलकत्त्याला पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली. त्या सुरुवातीच्या मंडळींत आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्यातले एक नावाजलेले फोटोग्राफर.

त्या काळचे फोटो ज्या कागदावर छापत, त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. जर्मनीत ड्रेस्डेन शहरातल्या कारखान्यात या कामासाठी दिवसाला ६०,००० अंडी लागत, असं नोंदलेलं आहे. कोंबड्या पाळणाऱ्या मैत्रिणींनी हिशेब करावा. अंडी फोडून बलक वेगळा करायचं काम तिथं बायकाच करत. हा कागद इतका पातळ असे की वाळला की सुरळी होई. म्हणून फोटो पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे. फोटोचा पुठ्ठा आला तो असा, गरजेतून. शोभा मागाहून आली. पुठ्ठ्याच्या कडेला सोनेरी रेघ आणि खाली स्टुडिओचं नाव छापू लागले. म्हणजे काठावर नाव आलं, पण ते आलं फोटो काढणाऱ्याचं. आत बसलेल्या माणसाचं नाही.

१८६० नंतर हे पुठ्ठ्यावरचे छोटे फोटो एकमेकांना द्यायची, अल्बममध्ये खोचायची टूम जगभर निघाली. विलायतेतल्या श्रीमंत घरच्या बायका फोटोतली माणसं कात्रीनं कापून रंगवलेल्या पानांवर डकवत. कुणाचं तोंड फुलात बसवलेलं, कुणाचं पंख्यावर. आजकाल फोटोंची सजवलेली वही करतात, त्याची पणजी म्हणजे ते अल्बम. पुरुषांनी काढलेल्या फोटोंची मांडणी बायकांनी आपल्या मनानं केली.

हैदराबादचा जनाना स्टुडिओ

आता आपल्या भागाकडं येऊ. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राजधानी हैदराबाद. तिथं सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ हे फोटोग्राफर होते. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. निजामानं त्यांना राजा ही पदवी दिली, म्हणून लोक त्यांना राजा दीनदयाळ म्हणून ओळखतात.

त्या वेळी मोठ्या घरच्या बायका पडद्यात असत. परक्या पुरुषासमोर बसून फोटो काढून घेणं शक्यच नव्हतं. म्हणून दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो चालवायला केनी-लेविक नावाच्या एक इंग्रज बाई होत्या. बाई बसणार आणि बाईच फोटो काढणार. एकशे तीसहून जास्त वर्षांपूर्वी, आपल्याच राजधानीत!

आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा आधी सगळ्या खूश झाल्या. मग एक जण म्हणाली, "ते राण्याईचं झालं. आपली पणजी तवा कुठं होती?" बरोबर आहे. आपली पणजी तेव्हा कापूस वेचत होती. १९००च्या सुमाराला मनमाडहून हैदराबादकडं जाणारी रेल्वे सेलू, परभणी, पूर्णा इथून धावू लागली. गावं बाजाराला जोडली गेली. पण फोटो ही पैसेवाल्यांची गोष्ट होती आणि पैसेवाल्या घरातही आधी पुरुषांची. वर आपल्याकडं एक समज पक्का होता, फोटो काढला की आयुष्य कमी होतं.

एका फोटोचा धडा

आम्हाला या वाचनात सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका जुन्या फोटोनं. तो आनंदीबाई जोशींचा आहे. १८८३ साली आनंदीबाई डॉक्टरी शिकायला अमेरिकेत गेल्या. १८८५च्या ऑक्टोबरात त्यांच्या फिलाडेल्फियाच्या कॉलेजात एक फोटो काढला गेला. त्यात तिघी आहेत. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात. आपल्या आनंदीबाई साडीत, वय वीस.

आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि परत आल्या. क्षयानं खंगलेल्या होत्या. १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तो फोटो मात्र राहिला. नुसता राहिला नाही, ओळखू येतो. कारण त्या फोटोवर खाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. ती नावं नसती तर आज लोक म्हणाले असते, तीन परदेशी बायका, कुणाच्या कोण.

आता आपल्या घरचे फोटो उलटून बघा. किती जणींच्या मागं नाव आहे? आमच्या गटात एकीच्या माहेरच्या फोटोत मधे बसलेली म्हातारी कोण, यावर तासभर वाद झाला. कुणी म्हणे आत्या, कुणी म्हणे आजीची जाऊ. शेजारच्या पाटलांचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक!

चौकट आपण केली

असं नाही की आपल्या हातांनी चौकटी केल्या नाहीत. १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं छापलेली लक्ष्मी, सरस्वती घरोघर पोचली. त्या छापील चित्रांवर लोक जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे लावत. लक्ष्मीची साडी खरोखरच्या कापडाची, किनार खरोखरच्या जरीची. अशी नटवलेली चित्रं आजही जुन्या संग्रहांत बघायला मिळतात.

आपल्या घरांतही तेच. भिंतीवर देव, सासरे, पुढारी आणि त्यांच्याभोवती बायकांनी केलेलं मण्यांचं काम, लोकरीची फुलं, कापडावर भरलेलं 'सुस्वागतम'. चौकट आपण करायची आणि आत बसायचं दुसऱ्यानं, अशी वाटणी झालेली. जिंतूरकडच्या तांड्यावरच्या बायांचं आरशाचं, कवड्यांचं काम बघा. डोळे दिपतात. पण ते करणाऱ्या आजीचा फोटो मागितला तर आधार कार्ड पुढं येतं.

हो, कागदपत्रांनीच आपल्याला फोटोत आणलं हे कबूल केलं पाहिजे. फोटोचं मतदार ओळखपत्र १९९३ पासून आलं. १९९२ पासून बचत गट बँकेला जोडायचं काम नाबार्डनं सुरू केलं आणि खात्यासाठी फोटो लागू लागले. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या एका बाईला मिळालं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला कुटुंबप्रमुख केलं. हे सगळं मोलाचं आहे. पण कागदपत्राचा फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. त्यात हसायचं नाही आणि हात दिसत नाहीत. त्याला काठ नसतो, शिक्का असतो.

आम्ही काठ कसे केले

आता कामाचं बोलू. खर्च फार नाही, घरात आहे तेच वापरायचं.

पहिली गोष्ट, कागद. वर्तमानपत्राचा कागद चार दिवस उन्हात पिवळा पडतो, कारण त्यात लाकडाच्या लगद्याचा अंश तसाच राहिलेला असतो. असा हलका कागद फोटोला टेकला तर फोटोही पिवळा करतो. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतो. दौलताबादजवळ कागजीपुरा म्हणून गाव आहे, तिथं शेकडो वर्षांपासून हातकागद होत आला आहे. कापूस आपला, कागदाचं गाव आपल्या मराठवाड्यातलं, आणि आपण मात्र फोटो ठेवतो रद्दीत! हातकागद मिळाला तर उत्तम. नाहीतर चांगला पांढरा ड्रॉइंग पेपर घ्या. लग्नपत्रिकेचा जाड कागद, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा काठाला चालतो, पण तो आणि फोटो यांच्यामध्ये पांढरा कागद ठेवा.

दुसरी गोष्ट, खिडकी. पुठ्ठ्याच्या मधोमध चौकोन कापायचा, फोटो मागून लावायचा. फोटो चार बाय सहा इंच असेल तर खिडकी पावणेचार बाय पावणेसहा ठेवा, म्हणजे फोटो निसटत नाही. बाहेरचा पुठ्ठा साधारण सहा बाय आठ घ्या. खालची कड वरच्यापेक्षा बोटभर रुंद ठेवा. डोळ्याला ते बरं दिसतं आणि नाव लिहायला जागा मिळते. अशी खिडकी केली की फ्रेमची काच फोटोला चिकटत नाही. पावसाळ्यात काचेला चिकटून किती फोटोंची कातडी निघाली आहे, आठवा.

तिसरी गोष्ट, चिकटवणं. फोटोला डिंक, फेविकॉल, चिकटपट्टी काही लावायचं नाही. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये कागदाचे छोटे कोपरे असत, आठवतात? तसेच कोपरे दुमडून करायचे, कोपरे पानाला चिकटवायचे आणि फोटो नुसता खोचायचा. कधीही काढता येतो. ज्यांचे फोटो चिकट पानांच्या, वरून प्लास्टिकचा पडदा असलेल्या अल्बममध्ये अडकले आहेत, त्यांनी ओढाताण करू नये. आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. मग शिवायचा दोरा दोन्ही हातांत ताणून फोटोखालून हळूहळू सरकवत न्या. तरी सुटला नाही तर पानासकट कापून ठेवा.

चौथी गोष्ट, सजावट. इथं प्रत्येकीनं आपलं डोकं चालवलं. एकीनं खणाच्या चोळीचा तुकडा पुठ्ठ्यावर ओढून बसवला. एकीनं आईच्या फाटलेल्या लुगड्याचा काठ चारी बाजूंनी लावला, कोपरे गोधडीसारखे मोडले. एकीनं पुठ्ठ्याला सुईनं आधी भोकं पाडून धावदोरा घातला. तांड्यावरच्या मैत्रिणीनं दोन आरसे आणि चार कवड्या बसवल्या, पण पानावर पान टेकलं की आरसा पुढच्या फोटोला घासू लागला. मग तिचं पान सगळ्यांत शेवटी घेतलं. एवढं लक्षात ठेवा की सुई पुठ्ठ्यात घालायची, फोटोत कधीच नाही. आणि काठ एवढा भडकही नको की आतलं तोंड शोधावं लागेल.

पाचवी गोष्ट, नाव. पेननं फोटोमागं लिहू नका, शाई पुढं उमटते. काठावर, किंवा फोटोमागं अगदी हलक्या हातानं पेन्सिलीनं लिहा. स्वतःचं नाव, आईचं नाव, माहेर-सासर आणि फोटोचं वर्ष. 'अमक्याची आई', 'तमक्याची मंडळी' असं नको.

खिडकी केवढी ठेवायची

या कामात दोन पानं अशी झाली की त्यांच्यामुळं आमचं सगळ्यांचं शिक्षण झालं.

आमच्या गटात एक आपा आहेत, शिलाईचं काम करतात. त्या म्हणाल्या, मला अल्बममध्ये चेहरा नको. काही जणी समजूत घालायला लागल्या. आपा म्हणाल्या, "हैदराबादच्या त्या बायकांना तर विचारून घेतलं होतं ना? मग मलाबी विचारा." आम्ही गप्प झालो. मग त्यांच्याच मुलीनं त्यांच्या हातांचा फोटो काढला. मशीनवर कापड सरकवणारे दोन हात. काठ त्यांच्याच कातरणांचा, खाली पूर्ण नाव. गावातल्या कुणालाही दाखवा, ते हात कुणाचे हे लगेच सांगतात.

दुसरं पान एका ताईचं. नवऱ्यानं दुसरा संसार मांडला, ही दोन लेकरं घेऊन माहेरी आली. तिचा एकच चांगला फोटो, तो लग्नातला. शेजारी नवरा. बैठकीत एक जण म्हणाली, "काप की त्याला. तुझं पान आहे." दुसरी म्हणाली, "फोटो कापू नये, अपशकुन असतो." आवाज चढले. ताई कात्री हातात घेऊन कितीतरी वेळ बसली. मग तिनं कात्री खाली ठेवली आणि पुठ्ठा मागितला. पुठ्ठ्यात उभी, अरुंद खिडकी कापली, बरोबर तिच्यापुरती. फोटो मागं अख्खाच ठेवला. समोरून बघितलं तर ती एकटी, हळदीच्या अंगानं, समोर बघणारी. ती म्हणाली, "उद्या लेकराला बापाचं तोंड बघावं वाटलं तर काढून बघंल. मला बघायचं नाही."

कापलंही नाही आणि मिरवलंही नाही. काठ ही नुसती शोभेची गोष्ट नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. काय दिसावं आणि काय मागं राहावं, हे काठ ठरवतो. आजवर ते दुसऱ्यांनी ठरवलं. तिनं ते स्वतः ठरवलं.

अल्बम आता पुरा झाला आहे. अठरा पानं आमची आणि एक पान आजींचं. त्यांच्या पानावर फोटो कुठला लावायचा हा प्रश्न होताच. पासबुकातला कुणालाच नको होता. शेवटी लेकाच्या लग्नातला, पंगतीत वाढतानाचा तो पाठमोरा फोटोच घेतला. त्यांच्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ सुनेनं स्वतः आणून दिला. खाली नाव लिहिताना सुनेच्या लक्षात आलं की सासूच्या आईचं नाव तिला ठाऊकच नाही. तिनं सासूच्या माहेरी फोन लावला. तिकडं नव्वदीच्या एक म्हाताऱ्या होत्या, त्यांनी सांगितलं. एका फोटोच्या काठापायी एक पिढी मागचं नाव हाती लागलं. आणखी दोन वर्षं थांबलो असतो, तर ते सांगणारंही कुणी राहिलं नसतं.

तर मैत्रिणींनो, एवढं करा. या आठवड्याच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक फोटो घेऊन या. मधे ठेवा आणि विचारा, यात कोण कोण आहे? घरात सगळ्यांत म्हातारी जी असेल तिला आधी विचारा. तिनं सांगितलेली नावं पेन्सिलीनं लिहून काढा. काठ सावकाश करा, तो आज नाही तर दिवाळीनंतर होईल. नाव मात्र आजच लिहा.